पवनचक्कीला जमीन भाड्याने: भाडं तीन एकरांचं, बंधन अकरा एकरांवर

तळ्याकाठी (डिचोली)

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण तुमच्यातल्या जाणत्यांचं मत हवंय म्हणून सगळं नीट मांडतो.

आम्ही डिचोलीचे. माझी आजी मात्र सातारा जिल्ह्यातली, पाटण तालुक्यातल्या एका पठारावरची. तिला भाऊ नव्हता, त्यामुळे तिच्या वडिलांची अकरा एकर जमीन तिच्याच नावावर आली. लग्न होऊन ती गोव्यात आली आणि इथेच गेली. त्या जमिनीला आमच्या घरात अजूनही 'आजीचा सडा' म्हणतात (सडा म्हणजे खडकाळ पठार). नाचणी-वरीची वरकस जमीन. गेली पंचवीस वर्षं तिथे गावातले एक नातेवाईक गुरं चारतात. आम्ही त्यांच्याकडून काही घेत नाही, पण आमचा बांध त्यांच्यामुळेच शाबूत आहे.

जूनमध्ये एका पवनऊर्जा कंपनीच्या माणसाचा फोन आला. आजूबाजूच्या जुन्या, साडेतीनशे किलोवॉटच्या चक्क्या काढून तिथे ३ मेगावॉटच्या बसवायच्या आहेत आणि त्यांतली एक आमच्या गटात येते, असं त्याचं म्हणणं. तीन एकर जमीन तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने हवी. भाडं एकरी वर्षाला ४०,०००. विकायची नाही, फक्त भाड्याने द्यायची, म्हणून घरातले सगळे खूश झाले. मीही झालो, खोटं कशाला बोलू.

जुलैत मी आणि माझा मेहुणा चोर्ला घाटाने बेळगाव, कोल्हापूर, कराड करत पाटणला गेलो. वर पठारावर गाडी उभी केली तर वाऱ्याच्या बाजूचं दार उघडेना, दोघेही पलीकडच्या दाराने उतरलो. छत्री उघडायचा विचारसुद्धा केला नाही. धुक्यात जुन्या चक्कीचं पातं दिसत नव्हतं, पण क्षणाक्षणाला डोक्यावरून 'हूश्श' असा आवाज जायचा. आजीच्या वडिलांनी खडकात कोरून घेतलेलं पाण्याचं टाकं काठोकाठ भरलेलं होतं आणि गुरं त्याच्या आडोशाला अंग चोरून बसली होती.

कंपनीच्या माणसाने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला नकाशा दगडाखाली दाबून दाखवला. लाल ठिपका टाक्यापासून चाळीस-पन्नास पावलांवर. आम्ही मान डोलावली. त्याने सत्तावीस पानी इंग्रजी मसुदा, पाचशेच्या स्टॅम्प पेपरवरचं एक 'समजुतीचं पत्र' आणि कुलमुखत्यारपत्राचा कागद हातात ठेवला. म्हणाला, सह्या करून पाठवा, धावपळ तुम्हाला नको, पुढचं सगळं आम्ही बघतो.

घरी येऊन मी तो मसुदा तीन रात्री वाचला. एकोणिसाव्या पानावर चार ओळी आहेत. मालकाने संपूर्ण गट नंबरात वाऱ्याला अडथळा होईल असं बांधकाम किंवा झाड लावायचं नाही, आणि कंपनीला रस्ता, केबल व पात्यांचा वावर यांसाठी उरलेल्या क्षेत्राचा विनामोबदला वापर राहील. म्हणजे भाडं तीन एकरांचं आणि हातपाय बांधले जाणार अकरा एकरांवर, तेही तीस वर्षं. आज माझं वय बावन्न आहे.

नाही म्हणून मोकळं व्हावं असंही वाटत नाही. जमीन पडून आहे, आत्यांना पैशांची गरज आहे, आणि वाऱ्यावर वीज होत असेल तर ती व्हावी असं मला मनापासून वाटतं. काय करावं?

कुंडईचा_तारवाला

निवृत्त विद्युत अभियंता आहे. आयुष्य उपकेंद्रांत गेलं, पवनचक्क्यांशी संबंध कर्नाटकातल्या एका प्रकल्पावर चार वर्षं आला. तळ्याकाठी, तुमच्या एकोणिसाव्या पानामागचं गणित सांगतो.

३ मेगावॉटच्या चक्कीचं पातं आज साधारण सत्तर-बहात्तर मीटर लांब असतं. व्यास १४५ मीटर धरा. वाऱ्याची दिशा बदलेल तशी चक्की तोंड फिरवते, म्हणजे पात्यांखाली येणारं वर्तुळ जवळजवळ १६,५०० चौरस मीटर, चार एकरांहून थोडं जास्त. तीन एकरांचा अगदी चौकोनी तुकडा काढला तरी त्याची बाजू ११० मीटरच भरते. पाती तुमच्या तीन एकरांत मावतच नाहीत. कंपनीला हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. म्हणूनच ते कलम भाड्याच्या पानावर नसतं, एकोणिसाव्या पानावर असतं.

अडथळ्याचं म्हणाल तर त्यांची भीती खोटी नाही. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग सेकंदाला ५ मीटरचा ६ झाला तर ताकद सुमारे पावणेदोन पट होते, आणि उलट दिशेने तितकीच झपाट्याने पडते. पण अडथळा म्हणजे काय, किती उंच, किती अंतरावर, हे आकड्यांत लिहून घ्या. १४० मीटर उंचीवरच्या चक्कीला तुमचं आंब्याचं कलम आडवं येत नाही. 'झाड' हा नुसता शब्द ठेवू देऊ नका.

आता कमाईचा हिशोब. ३ मेगावॉटची चक्की वर्षभरात क्षमतेच्या ३० टक्के चालली असं धरलं, तर ७८ लाख ८४ हजार युनिट होतात. युनिटला साडेतीन रुपये धरा, पावणेतीन कोटी झाले. तुम्हाला त्यातले मिळणार एक लाख वीस हजार. कंपनीचा यंत्राचा, कर्जाचा, देखभालीचा खर्च प्रचंड असतो, हे खरंच आहे, त्यांना लुटारू म्हणायचं नाही. पण उत्पन्नाच्या एक टक्का मागितलात तरी तुमचं भाडं दुपटीच्या वर जातं, हे बोलणी करताना डोक्यात असू द्या.

वास्को_मिरज

नोकरी वास्कोत, मूळ गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात. माझ्या वडिलांनी वीस वर्षांपूर्वी जमीन भाड्याने नव्हे, विकूनच टाकली. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्या वेळी कंपनी स्वतः दारात यायची नाही, गावातलाच दलाल यायचा. त्याने वडिलांकडून 'शेळीपालनासाठी' म्हणून कवडीमोलाने घेतली आणि सहा महिन्यांत पुढे कितीतरी पटीने विकली. वडील शेवटपर्यंत त्या रस्त्याने गेले नाहीत. घराकडून तो जवळचा रस्ता असूनसुद्धा.

म्हणून एवढंच सांगतो दादा, ते कुलमुखत्यारपत्र फाडून टाका. त्याच्या जोरावर दुसराच माणूस तुमच्या नावाने सही ठोकू शकतो. जे काय करायचं ते दुय्यम निबंधकासमोर स्वतः उभं राहून करा.

आणि रस्ता! सत्तर मीटरचं पातं घेऊन येणारा ट्रेलर वळायला केवढी जागा लागते, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. वळणावरचे बांध सपाट करतात, मोऱ्या फोडतात. काम झाल्यावर पूर्ववत करून देणार असं तोंडी सांगतात. आमच्या चुलत्याच्या शेतात अजून तो मुरूम पडून आहे.

पेडण्याची_लेक

वाचतेय सगळं. एक प्रश्न: आमच्या मोप-धारगळच्या सड्यावरही वारा सुटतो. देवगडला इतक्या जवळ पवनचक्क्या आहेत, मग गोव्यात का नाही? आमच्याकडे कोणी का फिरकत नाही?

कुंडईचा_तारवाला

ताई, वारा जाणवणं वेगळं आणि वर्षभर पुरेसा असणं वेगळं. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने १०० मीटर उंचीवर देशभराची क्षमता काढली तेव्हा देशाचा आकडा ३०२ गिगावॉट आला, महाराष्ट्राचा ४५ च्या वर. गोव्याचा १ मेगावॉटसुद्धा भरला नाही. आपली जवळजवळ सगळी वीज बाहेरूनच येते आणि पुढेही बरीचशी बाहेरूनच येणार. म्हणूनच मोलेच्या जंगलातून ४०० केव्हीची वाहिनी न्यायची की नाही यावर आपण एवढे भांडलो. तुमच्या सड्यावर कोणी 'पवनचक्कीसाठी' म्हणून जमीन मागायला आलाच, तर आधी संशय घ्या.

वकीलताई_फोंडा

तळ्याकाठी, तुमच्या गोष्टीत वाऱ्यापेक्षाही अवघड गाठ दुसरीच आहे आणि तिच्याकडे अजून कोणाचं लक्ष गेलेलं नाही. सातबारावर आज नावं कोणाची आहेत?

तळ्याकाठी (डिचोली)

आजीनंतर तलाठ्याने वारस नोंद केली तेव्हा बाबा आणि दोन आत्या अशी तीन नावं लागली. बाबा २०१७ साली गेले, त्यांच्या जागी आई, मी आणि माझी बहीण. आत्यांच्या यजमानांचं नाव कुठेच नाही. मी विचारलं होतं, तर तलाठी म्हणाले, जावयाचं नाव कशाला लावायचं?

वकीलताई_फोंडा

तलाठ्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांच्या रोजच्या कामात गोव्याचा कायदा येत नाही. पण तुम्हाला तो लागतो.

१८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आपल्याकडे वारशासाठी लागू राहिली. सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की गोव्याचा रहिवास असलेल्या माणसाची मालमत्ता गोव्याबाहेर, भारतात कुठेही असली, तरी तिचा वारसा याच कायद्याने ठरेल. म्हणजे पाटणच्या सड्यावरही तुमच्या आजीचा वारसा डिचोलीच्या नियमानेच जाणार. मुलगा-मुलगी समान, हे तर आहेच. त्याशिवाय लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर आपल्याकडे नवरा-बायकोची मिळकत सामाईक, निम्मी-निम्मी असते, वारशाने आलेलीसुद्धा, आणि स्थावराचा व्यवहार एकट्याच्या सहीने होत नाही. परराज्यातल्या जमिनीवर हा अर्धा वाटा कसा लागतो यावर वकील तासभर वाद घालतील. पण कंपनीला कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील तो धोका पत्करणार नाही. त्याला सगळ्यांच्या सह्या लागतील.

मोजा आता. आई, तुम्ही, तुमची पत्नी, बहीण, तिचे यजमान, दोन्ही आत्या, त्यांचे यजमान किंवा मुलं. आज हे केलं नाहीत आणि एकाची सही राहिली, तर पाच वर्षांनी भाडं अडेल आणि घरात एकमेकांकडे बघणंही नकोसं होईल. माझ्याकडे अशी प्रकरणं येतात. त्यात पैशांचा वाद शेवटी मिटतो, बोलणं बंद झालेलं मात्र तसंच राहतं.

सर्वांचं एकमत असेल तर विशेष नोटरीकडे वारसा दस्त करून घ्या, आपण ज्याला सक्सेशन डीड म्हणतो तो. वाटण्या करायच्या असतील किंवा कुरबूर असेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मिळकतीची यादी करून वाटणी करायची प्रक्रिया. २०१२ चा आपला कायदा २०१६ पासून लागू आहे, त्यात दोन्ही वाटा आहेत. तो कागद हातात आला की मगच फेरफारासाठी पाटणला जा.

दुसरं, ते 'समजुतीचं पत्र'. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावाच लागतो. बिननोंदणीच्या कागदावर तुम्हाला उद्या भाडंवाढ मागता येणार नाही, आणि गटावर आपला दावा आहे असं सांगत तो कागद त्यांनी चार ठिकाणी फिरवला तर तुम्ही अडकून पडाल. जमीन भोगवटादार वर्ग २ नाही ना, तेही सातबारावर बघा. वर्ग २ असेल तर सरकारची परवानगी आधी.

आणि पेडण्याची लेक, गोव्यातल्या जमिनीपुरतं सांगते: एक-चौदाच्या उताऱ्यावर (आपल्याकडचा सातबाराच तो) कुळाचा रकाना कोरा आहे का, हे पहिलं. भातशेती बिगरशेतकऱ्याच्या हाती द्यायला २०२३ च्या कायद्याने आडकाठी आहे, हे दुसरं.

लामगावचा

आमच्या भागाने 'लीज' या शब्दाचं सोनंही पाहिलंय आणि मातीही. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा माझ्या दारात हप्त्यावरचे दोन ट्रक उभे होते. पुन्हा थोडं सुरू झालं, तर फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या. पवनचक्की खाणीसारखी डोंगर खात नाही, मान्य. माझी काळजी वेगळी आहे. चक्की बारा वर्षांनी बंद पडली, कंपनी विकली गेली, नाव बदललं, तर भाडं कोणाकडे मागायचं? वीज झाली तरच भाडं असं काही त्यात असेल तर अजिबात मान्य करू नका. चक्की फिरो न फिरो, ठरलेलं किमान भाडं आलंच पाहिजे, आणि दोन हप्ते चुकले तर करार मोडायचा हक्क तुमच्याकडे हवा.

खणलेला खड्डा बुजवायला परत कोणी येत नाही, हे आम्ही मयेपासून लामगावपर्यंत बघतोय. पायाचं काय लिहिलंय?

तळ्याकाठी (डिचोली)

पायाबद्दल एकच वाक्य: 'मुदत संपल्यावर कंपनी आपली यंत्रसामग्री काढून नेऊ शकेल.' नेऊ शकेल! न्यावीच लागेल असं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून पुन्हा वाचलं, तेव्हा कळलं.

कुंडईचा_तारवाला

लामगावकरांनी नेमकं बोट ठेवलं. एवढ्या चक्कीच्या पायाला चारशे-पाचशे घनमीटर काँक्रीट जातं, आत सळ्यांचं जाळं, आणि बहुतेक सगळं जमिनीखाली. पोलाद, तांबं भंगारात विकलं जातं म्हणून मनोरा ते नेतील. काचतंतूच्या पात्यांना भंगारवाला विचारत नाही आणि पायाला तर कोणीच नाही. काढायचा खर्च आज अंदाजून त्याची बँक हमी, म्हणजे कंपनीने हात वर केले तर बँक पैसे देईल अशी हमी, तुमच्या नावे मागा, आणि दर पाच वर्षांनी रक्कम नव्याने ठरवा. निदान वरचा मीटर-दीड मीटर काँक्रीट फोडून माती घालून द्यावी, असं लिहून घ्या.

केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत रस्ते आणि इमारतींपासूनचं अंतर दिलेलं आहे: मनोऱ्याची उंची, अधिक व्यासाचा निम्मा भाग, अधिक ५ मीटर. तुमच्या चक्कीला ते सुमारे २१८ मीटर होतं. आवाजासाठी वस्तीपासून ५०० मीटर. आजीचं गावातलं जुनं घर किंवा कोणाचा गोठा मध्ये येतो का, मोजून बघा.

भाड्याचं म्हणाल तर महाराष्ट्र सरकार स्वतःच्या सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि दरवर्षी ३ टक्के वाढ देतं. म्हणजे एकरी पन्नास हजारांवर सुरुवात, तीच तिसाव्या वर्षी एक लाख अठरा हजारांच्या आसपास जाते. तुमचे चाळीस हजार तिसाव्या वर्षीही चाळीसच. पवनचक्कीचं आणि सौर पॅनेलचं गणित एक नसतं, पण मोजमाप म्हणून हा आकडा समोर ठेवायला हरकत नाही. वर उच्चदाब वाहिनीचे मनोरे तुमच्या जमिनीत येत असतील तर तो मोबदला वेगळा. ६६ केव्ही आणि वरच्या वाहिन्यांसाठी केंद्राने जून २०२४ मध्ये पायाच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के सांगितलेत. भाड्यात तो गुपचूप घातलेला नाही ना, ते बघा.

रानवाट_सत्तरी

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. सड्याला आपण पडीक म्हणतो, पण जांभ्याचा सडा पडीक नसतो. पावसाळ्यातले चार महिने त्यावर जे उगवतं ते खाली दरीत कुठेच नसतं.

साताऱ्याच्याच चाळकेवाडी पठारावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. चक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट आढळले. चक्क्यांच्या भागात घारी-ससाणे घटले, तसे पंख्यासारख्या गळपिशवीचे सरडे वाढले. पण वाढलेले सरडे अंगाने खराब होते आणि माणूस जवळ येईपर्यंत पळत नव्हते. घार गेल्यावर जमिनीवरच्या सरड्याची चालसुद्धा बदलते, हे वाचून मी कितीतरी वेळ सुन्न होतो.

पवनचक्की नको असं मी म्हणत नाही. कोळसा जाळून जे होतं त्याने सडाही वाचणार नाही. पण जुन्या चार काढून एक मोठी येणार असेल, तर त्या चारांचे पाये आणि रस्ते मोकळे होणार का, हे विचारा. आणि ते टाकं! सड्यावरच्या टाक्याचं पाणी फक्त गुरं पीत नाहीत. लाल ठिपका तिथून हलवा. कोयना अभयारण्याच्या भोवतालच्या संवेदनशील क्षेत्रात तुमचा गट येतो का, तेही वन खात्याकडे विचारून घ्या.

पेडण्याची_लेक

माझे सासरे म्हणतात की चक्क्यांनी ढग पळतात, पाऊस कमी होतो. हे खरं का?

कुंडईचा_तारवाला

नाही ताई. पाऊस देणारे ढग कित्येक किलोमीटर उंच वाढलेले असतात, चक्कीचं टोक दोनशे-सव्वादोनशे मीटरला संपतं. सातारा-सांगलीकडे ही समजूत फार पसरली होती. पण मला त्या लोकांचा राग येत नाही. जमीन ज्या रीतीने गेली त्याची चीड त्यात होती, ती पावसाच्या नावाने बाहेर पडली.

वास्को_मिरज

काका, हे वाचून वडिलांची आठवण आली. तेही हेच म्हणायचे.

तळ्याकाठी (डिचोली)

दोन महिन्यांनी लिहितोय. देव बरे करो सगळ्यांचं, तुमच्या या धाग्याच्या पंधरा प्रती काढून मी चवथीला (गणेश चतुर्थीला) घरी ठेवल्या होत्या.

चवथ हा एकच सण असा की आमच्याकडे सगळे येतात. वकीलताईंनी सांगितल्याप्रमाणे मोजलं, नऊ सह्या झाल्या. गणपतीवर फळं-पानं बांधलेल्या माटोळीखाली सगळे बसलेले असताना मी मसुद्याचं एकोणिसावं पान मराठीत वाचून दाखवलं. थोरल्या आत्येचे यजमान इतकी वर्षं या जमिनीत आपलं काही नाही असं समजून गप्प असायचे. त्यांच्या सहीशिवाय चालणार नाही म्हटल्यावर ते जरा ताठ बसले आणि सगळ्यांत चांगला प्रश्न त्यांनीच विचारला. गुरं चारणाऱ्या माणसाचं काय? आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात ते आलं नव्हतं.

धाकट्या आत्येला, ती विधवा आहे, पैसे लगेच हवे होते. आम्ही ठरवलं की पहिल्या तीन वर्षांच्या भाड्यातला आमचा वाटा तिने घ्यावा आणि मग फिटेल तसं फिटेल. आई म्हणाली, हे लिहायची गरज नाही. वकीलताई, तुमचं वाचलेलं आठवलं म्हणून मी तेही लिहून घेतलं.

वारसा दस्त झाला. फेरफाराचा अर्ज दिलाय. कुलमुखत्यारपत्र आणि समजुतीचं पत्र आम्ही सह्या न करता परत पाठवलं. सोबत आमचं म्हणणं मराठीत, तीन पानांत. चक्कीचा ठिपका टाक्यापासून दीडशे मीटर दूर. बंधन सबंध गटावर नको, पात्यांच्या वर्तुळापुरतं, आणि त्या पूर्ण चार एकरांचं भाडं. दरसाल ३ टक्के वाढ. बाकीच्या जमिनीत गुरं चरतील आणि काम चालू असतानाही त्यांना पाण्यावर जाता येईल. पाया फोडून देण्याची बँक हमी.

कंपनीच्या माणसाने आठवडाभराने फोन केला. आवाज थोडा तुटक होता, पण भांडला नाही. ठिपका हलतो म्हणाला, वाऱ्याच्या मोजणीत फार फरक पडत नाही. वर्तुळाचं आणि गुरांचं मान्य. वाढ ३ नव्हे, २ टक्के. बँक हमीचं वरिष्ठांना विचारून सांगतो म्हणाला. त्याला आता तीन आठवडे झाले. हमीशिवाय सही नाही, यावर नऊही जण ठाम आहोत.

येत्या मंगळवारी नव्या मोजणीचे खुंट बघायला वर जातोय. थोरली आत्या बरोबर येते म्हणते. गुडघे दुखतात, प्रवास नऊ-दहा तासांचा, पण ऐकत नाही. ती सड्यावर शेवटची गेली तेव्हा नऊ वर्षांची होती, आजीचं बोट धरून त्या टाक्यावर पाणी भरायला. गुरांवाल्या नातेवाइकांना फोन करून सांगितलंय. ते गाडीरस्त्यापासून टाक्यापर्यंतची वाट साफ करून ठेवणार आहेत.